मोकळीक

प्राचार्यांचे तिसरे गोड वाक्य संपले, तेव्हा सरांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. आता येणार, असे त्यांना वाटले. पहिल्या वाक्यात सरांनी कॉलेजसाठी जे केले त्याला तोड नव्हती. दुसऱ्यात जुने विद्यार्थी अजून त्यांची आठवण काढत होते. तिसऱ्यात त्यांची तब्येत अशी होती की तरुणांनी लाजावे. एवढ्या उशा एकापुढे एक मांडल्यावर त्यांच्यामागे दगड असतोच. सरांनी स्वतः आयुष्यभर हेच शिकवले होते.

सर बिझनेस कम्युनिकेशन शिकवत, आणि वाईट बातमीचे पत्र हा त्यांचा हातखंडा धडा होता. आधी उशी, मग कारण, मग दगड, आणि शेवटी पुन्हा एक लहानशी उशी. गिऱ्हाइकाला नकार द्यायचा असो की उमेदवाराला वाटेला लावायचे असो, क्रम हाच. त्यावरून कॉलेजात त्यांना उशीसर म्हणत. नव्या मुलांना वाटे की सर उशिरा येत असतील म्हणून हे नाव पडले. प्रत्यक्षात सर घंटेच्याही आधी वर्गाच्या दाराशी उभे असत, आणि मुलांची पहिल्याच आठवड्यात निराशा होई.

"तर सर," प्राचार्य बिस्किटांची बशी त्यांच्याकडे सरकवत म्हणाले, "या वेळी तुम्हाला जरा मोकळीक द्यावी, असं ठरलंय. तुमचं मार्गदर्शन मात्र आम्हाला कायम लागणार आहे, हं."

सरांनी बिस्कीट उचलले. दगडाची वाट बघत ते खाऊन संपवले. तेवढ्यात प्राचार्यांचा फोन वाजला. त्यांनी हातानेच क्षमा मागितली, सरांनी हसून मान हलवली आणि ते बाहेर आले. दार मागे लागल्यावर त्यांच्या लक्षात आले की आपल्याला काय सांगितले गेले, ते आपल्याला कळलेलेच नाही.

मोकळीक. सर व्हरांड्यात उभे राहून तो शब्द उलटापालटा करून बघू लागले. कामात मोकळीक म्हणजे दोन-चार तास कमी. कामातून मोकळीक म्हणजे सगळेच तास कमी. प्राचार्यांनी नेमका तेवढाच शब्द गिळला होता. शिवाय 'जरा' होते. माणसाला जरा काढता येत नाही, तेव्हा राहिलो. पण 'ठरलंय'ही होते. ठरवायला चार माणसे एकत्र बसावी लागतात, आणि दोन तास कमी करायला कोणी बसत नाही, तेव्हा गेलो. 'कायम' आणि 'हं' यांचे काय करायचे ते त्यांना समजेना.

सर नियमाने निवृत्त झाले त्याला आता बराच काळ लोटला होता. त्यानंतर दर वर्षी सत्र संपत आले की प्राचार्य बोलावत, 'सर, आणखी एक वर्ष' म्हणत, आणि सर आढेवेढे घेतल्यासारखे करून हो म्हणत. याही वर्षाचे सत्र संपत आले होते. पुढचे वर्ष मिळणार की नाही एवढाच प्रश्न होता, पण सरांच्या दृष्टीने दुसरा प्रश्नच नव्हता. त्यांना बागकाम येत नव्हते, पत्ते येत नव्हते, नातवंडे नव्हती. सकाळी दाढी करताना ते आरशात वर्गाशी बोलत. वर्गच गेला तर सकाळी उठून दाढी तरी कोणासाठी करायची?

तसे परत आत जाऊन सरळ विचारता आले असते. पण तिथेच घोडे पेंड खात होते. प्राचार्य हे सरांचेच विद्यार्थी. दुसऱ्या बाकावर बसत, सुवाच्य लिहीत, आणि वाईट बातमीचे पत्र असे लिहीत की वाचणाऱ्याने आभार मानावेत. तेव्हा सर त्यांना अर्थातच 'तू' म्हणत. तो मुलगा साहेब होऊन याच कॉलेजात आला आणि सरांची जीभ अडली. 'तू' म्हणावे तर खुर्चीचा मान जातो, 'तुम्ही' म्हणावे तर घासात खडा आल्यासारखे होते. मग सरांनी दोन्ही सोडून दिले. 'कधी येणं झालं?', 'चहा झाला का?', 'काय म्हणणं आहे?' असे ते बोलू लागले. कर्ता गाळून नोकरी करता येते, हे त्यांनी सिद्ध करून दाखवले होते. पण 'नीट सांग' आणि 'नीट सांगा' यांच्या मधली वाट सापडत नव्हती. 'नीट सांगावं' असे म्हणता आले असते, पण तसे नाटकातले राजे बोलतात.

त्यांनी बायकोला फोन लावला. सकाळी तिने त्यांना दारातच अडवले होते. साहेबांनी बोलावलंय आणि हा विटका तपकिरी शर्ट घालून काय निघालात, असे ती म्हणाली होती, आणि सर तसेच निघाले होते. आता तिने आधी शर्टाचेच विचारले. साहेबांनी शर्टाबद्दल काही म्हटले नाही, हे कळल्यावर मग मुद्द्यावर आली.

"काय म्हणाले?"

"तुला सांगतो, माणूस फार आदराने बोलला. म्हणजे इतक्या वर्षांत..."

"उशी नको. शब्द सांगा."

सरांनी शब्द सांगितले. तिने विचारले की पुढच्या सत्रात डबा करायचा की नाही, तेवढे सांगा. बहुतेक करायचा, असे सर म्हणाले. बहुतेक म्हणजे काय, निम्मा भरू का, असे म्हणून तिने फोन ठेवला.

उशी या गोष्टीशी तिचे जुने वैर होते. सर सहज जरी 'आज छान दिसतेस' म्हणाले, तरी ती 'काय फुटलं?' असे विचारी, आणि पुष्कळदा काहीतरी फुटलेले असेच. पण वैराचे खरे कारण वेगळे होते. तिची आई गेली तो निरोप सरांच्या फोनवर आला होता. ती तेव्हा गॅलरीत कपडे वाळत घालत होती. सर तिच्याजवळ जाऊन म्हणाले, "तुझ्या आईला तू फार जपलंस." तिला बरे वाटले. हातात चिमटा धरून ती आईची एक गंमत सांगू लागली, आई एकदा शेजारणीची चप्पल घालून बाजारात कशी गेली आणि वर ही चावते म्हणून चांभाराशी कशी भांडली, आणि सांगता सांगता पोट धरून हसली. सर चिमट्यांच्या डब्याशेजारी उभे राहिले. हसणाऱ्या माणसाला मध्येच कसे थांबवायचे, ते त्यांच्या धड्यात नव्हते. तिकडे आई गेलेली आणि इकडे आपण तिला हसतोय, असे जे झाले, त्याबद्दल तिने पुढे स्वतःला माफ केले. सरांना केले नाही.

शिक्षकांच्या खोलीत तेव्हा दोघेच होते. एक हिशेब शिकवणारे सर, ज्यांना मुले ताळेबंद म्हणत, आणि दुसऱ्या ग्रंथपालबाई. सरांनी विषय काढला तो असा, की आपल्या एका मित्राला त्याच्या साहेबाने असे असे म्हटले, तर त्याने काय समजायचे? मित्र कोण ते दोघांनीही ओळखले, आणि ओळखले नाही असे दाखवले. ताळेबंदांचे मत पडले की मार्गदर्शन लागणार म्हणजे माणूस लागणार, तेव्हा मित्राला जमेच्या बाजूला धरायला हरकत नाही. ग्रंथपालबाईंनी चष्मा काढला. त्यांच्या मते जो राहणार आहे त्याला 'तुम्ही कायम लागणार' असे कोणी सांगत नाही. पंखा रोज लागतो, म्हणून त्याला कोणी तसे सांगायला जात नाही. ताळेबंद मान वर करून पंख्याकडे बघू लागले.

"हा नारळ आहे, सर," बाई हळूच म्हणाल्या. "म्हणजे तुमच्या मित्राला दिलेला."

ताळेबंदांना ते पटेना. नारळ द्यायचा तर निरोपाच्या कार्यक्रमाची तारीख आधी ठरते, वर्गणी आधी निघते, आणि वर्गणी निघाली असती तर ती आपल्याकडे आली असती, असे त्यांचे म्हणणे होते. बाई म्हणाल्या, की वर्गणीच्या याद्या करायचे काम आता दुसऱ्याकडे गेलेय. दोघांची चांगलीच जुंपली. सर एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांचे तळ्यात की मळ्यात ते दुसरीच माणसे ठरवत होती, आणि ठरतही नव्हते. शेवटी घंटा झाली, तेव्हा सरांना सुटल्यासारखे वाटले.

वर्गाच्या दारात एक तरुण बाई उभ्या होत्या. प्राचार्यांना विचारून तास बघायला आलेय, बसू का, असे त्यांनी विचारले आणि शेवटच्या बाकावर जाऊन वही उघडली. सरांना वाटले, तपासणी आली. मग वाटले, ज्याला काढायचे त्याची तपासणी कशाला करतील? तेव्हा राहिलो. त्या आनंदात त्यांनी फळा जरुरीपेक्षा जास्त वेळ पुसला.

त्या दिवसाचा सराव असा होता. एका इमारतीची टाकी दुरुस्त करायची आहे, पाणी बंद राहणार आहे. एक सूचना पाचव्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजींसाठी लिहायची, दुसरी तळमजल्यावरच्या लाँड्रीवाल्यासाठी. पाणी तेच, बंद असणेही तेच, पण वाचणारा वेगळा. आजींना गुडघे आहेत, जिना आहे, बादली वर आणून द्यायला कोणी नाही. लाँड्रीवाल्याकडे लोकांचे कपडे भिजत पडलेत. हे सांगताना सरांना नेहमीच रंग चढे. लिहायला घेण्याआधी पेन खाली ठेवा, डोळे मिटा आणि तो माणूस समोर आणा, मग लिहा, असे ते सांगत. "समोर कोण?" असे मधूनच विचारत, आणि वर्ग "आजी" म्हणून ओरडे. मुलांना त्यात गंमत वाटे. सरांना मात्र त्या आजी खरोखरच दिसत. एका हाताने कठडा धरलेला, दुसऱ्या हातात रिकामी कळशी.

उंच मुलगा, ज्याला सगळे जिराफ म्हणत, वाचायला उठला. "आदरणीय आजी," त्याने घसा साफ केला, "आपण आमच्या इमारतीची शान आहात. आपल्यासारखी माणसं आहेत म्हणूनच ही टाकी इतकी वर्षं टिकली. आता टाकीलाही थोडी विश्रांती द्यावी, असं ठरलंय. आपलं प्रेम मात्र कायम असू द्यावं."

वर्गात हशा पिकला. सरही हसायला गेले आणि हसू अर्ध्यावर राहिले.

"पाणी येणार की नाही?" त्यांनी विचारले.

निम्मा वर्ग येणार म्हणाला, निम्मा नाही म्हणाला. जिराफ गोंधळला. नाही असेच लिहिलेय, असे त्याने सांगितले. कुठे लिहिलेय, असे सरांनी विचारले, तेव्हा त्याने कागद वरपासून खालपर्यंत पाहिला आणि मग उलटा करून पाहिला.

"म्हणजे, समजून घ्यायचं ना सर," तो म्हणाला. "आजींना वाईट वाटू नये म्हणून तसं लिहिलं."

पहिल्या बाकावर एक मुलगी बसे. हात वर केल्याशिवाय ती कधी बोलत नसे. ती हात वर न करताच म्हणाली, "आजी अंगाला साबण लावून बसतील, सर."

पुन्हा हशा. या वेळी शेवटच्या बाकावरच्या बाईही हसल्या. सर हसले नाहीत. न्हाणीघरात बसलेल्या आजी त्यांना लख्ख दिसल्या. डोळे मिटलेले, हात नळाकडे गेलेला, नळातून नुसती फुरफुर येतेय, आणि आजी मनात म्हणताहेत की येईल, विश्रांती म्हणजे काही बंद नव्हे. सरांना एकदम आपल्याच अंगाला साबण लागल्यासारखे वाटले. त्यांनी जिराफाला एवढेच सांगितले की पाणी बंद राहणार हे तीन शब्द पहिल्या ओळीत लिही आणि मग काय लाड करायचे ते कर. हे त्यांनी आजवर कुठल्याच वर्गाला सांगितलेले नव्हते. पहिल्या बाकावरच्या मुलीने मागची पाने चाळून 'आधी उशी' असे लिहिलेली ओळ काढली, सरांकडे बघितले, आणि कुठले खोडायचे ते न कळून पेन तसेच धरून बसली.

तास संपला तशा त्या तरुण बाई पुढे आल्या. तास फार छान झाला, असे म्हणाल्या. सर सवयीने पुढच्या वाक्याची वाट बघू लागले, आणि ते लगेच आले.

"सर, तुमच्या नोंदी मिळतील का मला? तुमच्यासारखं जमणार नाहीच, पण सुरुवातीला आधार होईल. खरं सांगू, आधी मी नाहीच म्हणत होते. कोणाच्या पोटावर पाय देऊन नको वाटतं. पण साहेब म्हणाले, तुम्ही स्वतःहूनच मोकळं व्हायचं म्हणताय. मग म्हटलं, बरं."

सर हातावरची खडूची पूड झटकत राहिले. पूड केव्हाच गेली होती. गेलो, हे आता कळले. पण त्याहून जास्त लागला तो 'स्वतःहून' हा शब्द. या मुलीशी कोणीतरी त्यांच्या तोंडून बोलले होते. मी काही म्हटलेले नाही, असे तिथल्या तिथे सांगून टाकावे, असे त्यांच्या अगदी ओठांवर आले. त्यांनी तिच्याकडे पाहिले. पर्स नवी होती. पेनाचे टोपण चावून चावून चपटे झाले होते. पहिलीच नोकरी असावी. समोर कोण, असे त्यांनी स्वतःला विचारले, आणि ओठांवरचे परत आत गेले.

नोंदी कसल्या आल्यात, आहेत त्या देईन, असे ते म्हणाले. फक्त पहिल्या दिवशी फळ्याकडे तोंड करून बोलू नका, सगळे नवे तेच करतात. ती हसली आणि तिने तेही वहीत लिहून घेतले.

प्राचार्यांच्या दारावर सरांनी टकटक केले नाही. ते आत गेले आणि खुर्ची दिसत असूनही उभेच राहिले. प्राचार्य अर्धवट उठले, या ना सर, बसा ना, असे म्हणाले, आणि चहाची घंटा दाबायला त्यांचा हात गेला.

"मला कळलं नाही," सर म्हणाले.

"काय सर?"

"सकाळी तू काय सांगितलंस ते."

तो 'तू' इतक्या वर्षांनी आला तरी अडखळला नाही. प्राचार्यांचा हात घंटेवरून खाली आला. मग ते जे खुर्चीत बसले ते साहेबासारखे बसले नाहीत, बाकावर बसतात तसे बसले.

"सर, तुम्ही या कॉलेजला जे..."

"ते सकाळी झालं. समोर कोण आहे?"

"तुम्ही, सर."

"आणि मला काय कळायला हवं?"

प्राचार्यांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला. तो फिरायचा थांबेपर्यंत दोघेही त्याच्याकडेच बघत होते.

"पुढच्या सत्रात तुमचे तास नाहीत, सर."

"कमी आहेत, की नाहीत?"

"नाहीत. एकही नाही. वर्ष वाढवून मिळालं नाही."

"हां," सर म्हणाले. "आता कळलं."

खरे तर आता बाहेर पडायला हरकत नव्हती. पण सरांना एक गोष्ट सुटत नव्हती. त्या नव्या मुलीला काय सांगितलेस, असे त्यांनी विचारले, आणि संस्थेच्या लोकांना काय सांगितलेस? प्राचार्यांनी लपवले नाही. ती घाबरलेली होती, तिला अपराधी वाटू नये म्हणून सर स्वतःच थांबताहेत असे तिला सांगितले. संस्थेला नवे माणूस हवे होते, त्यांना बोच राहू नये म्हणून सर दमलेत असे सांगितले. आणि सरांना मोकळीक. सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. गृहपाठ दाखवणाऱ्या मुलाचा चेहरा असतो तसा तो होता.

"प्रत्येकाला वेगळं," सर म्हणाले.

"समोर कोण आहे ते बघून, सर. तुम्हीच तर..."

"समोर कोण ते बघायचं, त्याला नीट कळावं म्हणून. आपली सुटका व्हावी म्हणून नाही."

"हे तुम्ही शिकवलं होतं, सर?"

प्रश्न खोचक नव्हता, मनापासून होता. सरांनी आठवून पाहिले. उशी शिकवली होती, दगड शिकवला होता, क्रम तर डोळे मिटून सांगता आला असता. पण दगड कशासाठी द्यायचा आणि उशी कोणासाठी ठेवायची, हे कधी बोललो होतो का? इतके वर्ग, इतके खडू, आणि एवढे एक सांगितले की राहिले तेच त्यांना आठवेना.

"माहीत नाही," ते म्हणाले.

प्राचार्यांनी तोंडावरून हात फिरवला. "सकाळी तुम्ही यायच्या आधी चार वेळा वाक्य जुळवलं, सर. कोणाला काढायचं असलं तर मला जमतं. तुम्हाला काढायचं कसं, ते मात्र तुम्ही शिकवलं नाहीत."

सरांना त्याचा राग यायला हवा होता. आलाही होता. पण तो समोर असा दुसऱ्या बाकावर बसून राहिल्यावर रागाला बसायला जागा उरली नाही. त्या मुलीला आता खरे सांगतो, असे प्राचार्य म्हणाले. सरांनी हात वर केला. तिला तेच राहू दे, तिचा पहिला दिवस खराब व्हायला नको.

"मग ती उशीच झाली ना, सर?"

"झाली," सर म्हणाले. आपण आत्ताच काय बोललो आणि हे काय बोलतोय, यांचा मेळ बसत नव्हता. तो बसेल म्हणून त्यांनी थोडी वाट पाहिली. मग राहिलेले तास ठरल्याप्रमाणे घेईन, असे सांगून ते निघाले.

घरी जाताना सर एक थांबा आधीच उतरून चालू लागले. बायकोला सांगायचे होते. पायांबरोबर डोकेही चालू लागले, आणि जित्याची सवय म्हणा, वाक्ये आपोआप जुळू लागली. तू म्हणायचीस ना, की आता कुठेतरी फिरायला जाऊ. खोडले. तुला आता सकाळी लवकर उठायला नको. खोडले. तुझ्याइतकी समजूतदार बायको मिळाली म्हणून. हे तर त्यांनी मोठ्यानेच खोडले, आणि समोरून येणारा माणूस दचकून बाजूला झाला. हे वाक्य ऐकून ती कुठली तरी जुनी गंमत सांगू लागेल आणि हसेल, आणि आपण चिमट्यांच्या डब्याशेजारी उभे राहू, हे त्यांना आता सहन झाले नसते.

दार तिनेच उघडले. दुपारपासून ती तयारीत होती, हे तिच्या पदर खोचण्यावरूनच दिसत होते. त्यांनी एखादे गोड वाक्य काढावे आणि आपण ते धुऊन वाळत घालावे, अशा बेताने ती उभी होती. सरांनी बूटही काढले नाहीत.

"मला काढलं," ते म्हणाले. "पुढच्या सत्रात डबा नको."

कशावर तुटून पडायचे तेच समोर नव्हते. वाक्य अगदी तिला हवे तसे होते, उघडे, एका ओळीत बसणारे, आणि त्यासाठी इतकी वर्षे भांडूनही ती ते ऐकायला तयार नव्हती. तिने त्यांच्याकडे पाहिले. कॉलरची कड झिजून पांढरी झालेली, खिशाशी खडूचा डाग. मग तिने त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

"हा शर्ट तुम्हाला चांगला दिसतो," ती म्हणाली, आणि आत गेली.

सर सवयीने पुढच्या वाक्याची वाट बघत दारातच उभे राहिले. आत नळ सुरू झाला, डबा घासल्याचा आवाज आला, तो थांबला. पुढचे वाक्य आले नाही.